स्वस्त गोळी आणि महागडा विनोद

आग्र्याला पोस्टिंग निघालं की पलटणीत एक विनोद ठरलेला असतो. "चला, ह्याला शेवटी योग्य जागी पाठवला." रामगडला गेलात की तोच विनोद कांकेच्या नावानं ऐकू येतो, कारण रांचीचं मानसिक रुग्णालय कांकेला आहे. तेजपूरला बाजारातली पोरंसुद्धा तेच बोलतात, फक्त असमियात. आपल्याकडे पुण्याचा माणूस येरवडा म्हणतो, मुंबईचा ठाणं म्हणतो, आणि बेळगाव-खानापूरकडचा धारवाड. भाषा बदलते, गावाचं नाव बदलतं, विनोद तोच. मी तो आग्र्यात हिंदीत ऐकला, रामगडच्या लंगरात पंजाबीत ऐकला आणि आमच्या मराठ्यांच्या लाइनीत तर रोजच.

ह्या विनोदाला बिल असतं आणि ते आपलीच माणसं भरतात. आजचा लेख त्या बिलाबद्दल आहे.

आधी त्या गावांबद्दल थोडं. आग्र्याची संस्था १८५९ सालची, तेजपूरची १८७६ची, कांकेची १९१८ची. साहेबाच्या काळात ही पागलखानेच होती, उंच भिंतींची. आज तिथं रोज सकाळी बाह्यरुग्ण विभागासमोर रांग लागते, आणि त्या रांगेतले बहुतेक लोक संध्याकाळच्या आत घरी असतात. शेतकरी, मास्तर, बाळंतीण, दुकानदार. केस पेपर काढायचा, डॉक्टरांना भेटायचं, औषध घ्यायचं, घरी जायचं. औषध मोफत किंवा नाममात्र दरात. म्हणजे ज्या गावांच्या नावानं आपण एकमेकांना चिडवतो, तिथंच मन सावरणारी गोळी देशात सगळ्यात स्वस्त मिळते. आणि आपण त्या गावाचं नाव टाळण्यासाठी बाजारात जाऊन तीच गोळी कितीतरी पट पैसे देऊन घेतो.

आमच्या पलटणीतले एक निवृत्त हवालदार आहेत. नाव, गाव काही सांगत नाही. गावात त्यांना सगळे मेजर म्हणतात, जसं आपल्या गावात प्रत्येक फौजीला म्हणतात. निवृत्तीनंतर दीड वर्षानं त्यांची झोप गेली. मग भूक गेली, मग बोलणं. बायकोनं जबरदस्तीनं शहरातल्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगले होते, गोळी लागू पडली, दोन महिन्यांत माणूस पुन्हा पारावर बसायला लागला. मग जूनमध्ये मुलीची फी आली आणि मेजरनी हिशोब करून गोळी बंद केली. दिवाळीत परत सुरू. मार्चमध्ये ट्रॅक्टरचा हप्ता आला, परत बंद. मी विचारलं, "मेजर, तुमच्याकडे ईसीएचएसचं कार्ड आहे ना? तिथं फुकट मिळेल की."

ते म्हणाले, "साहेब, तिथं औषधाच्या खिडकीवर बसणारा आमच्याच भावकीतला आहे."

बस्स. एवढंच कारण. मुलीची फी, ट्रॅक्टरचा हप्ता हे खरे खर्च आहेत, खोटे नाहीत. पण कार्ड खिशात असताना गोळीला पैसे लागत होते ते त्या खिडकीमुळे.

आता आधी गोळीबद्दल, कारण ती नीट समजली नाही तर स्वस्त काय आणि महाग काय हेही समजणार नाही. मी डॉक्टर नाही. पण ज्याला आपण "डिप्रेशनची गोळी" म्हणतो तिची दोन नावं असतात हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. एक कंपनीनं ठेवलेलं, पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं. दुसरं औषधाचं खरं नाव, खाली बारीक अक्षरात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही ती खरी नावं. रायफल कुठल्या कारखान्यात बनली ते आपण विचारत नाही, कॅलिबर विचारतो. इथंही तसंच. बारीक अक्षरातलं नाव आणि मिलिग्रॅम जुळलं की औषध तेच.

फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ साली परवानगी मिळाली. त्याचं पेटंट संपून वीस वर्षांच्या वर झाली. एस्सिटालोप्रामचंही पेटंट केव्हाच संपलं आहे. भारतात ही औषधं डझनांनी कंपन्या बनवतात. म्हणजे महागड्या पाकिटासाठी आपण जे जास्तीचे पैसे देतो ते संशोधनाचे नसतात. ते नावाचे, जाहिरातीचे आणि डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत चालत आलेल्या प्रतिनिधीच्या पगाराचे असतात.

जनऔषधी केंद्र हे ह्यावरचं सगळ्यात जवळचं उत्तर. योजना २००८ साली सुरू झाली, बरीच वर्षं झोपलेली होती, २०१५ नंतर जोरात पसरली. आता तालुक्याच्या गावातही केंद्र दिसतं. बाजारातल्या ब्रँडपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त असं सरकार सांगतं. हिशोब करून बघा. समजा तुमची गोळी दुकानात १२ रुपयांना एक पडते आणि रोज एक घ्यायची आहे. महिन्याचे ३६० झाले, वर्षाचे ४,३८०. तीच तीन रुपयांना मिळाली तर महिन्याचे ९०. पानटपरीवरचा खर्च ह्याच्यापेक्षा जास्त असतो. जनऔषधी सुगम नावाचं मोबाइल ॲप आहे, त्यात जवळचं केंद्र आणि औषधाचा भाव दोन्ही कळतं. घरातल्या नातवाला सांगा, तो दोन मिनिटांत काढून देईल.

"स्वस्त आहे म्हणजे हलकी असणार" असं म्हणणारे फौजी मी पुष्कळ बघितले. कँटीनमधून स्वस्त आणलेला पंखा हलका नसतो, पण गोळी हलकी असते! जनऔषधीची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच पुढे जाते. तरीही मनात शंका असेल तर बदल करताना डॉक्टरांना सांगून करा आणि त्यानंतर एकच बनावट धरून ठेवा, दर महिन्याला बदलू नका. एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. नावं सारखी वाटली म्हणून औषध तेच असं समजू नका. सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्राम ही वेगळी औषधं आहेत, त्यांची मात्राही वेगळी. पाकिटावरचं अक्षर न् अक्षर चिठ्ठीशी ताडून बघा, संत्री ड्युटीला ओळखपत्र बघता तसं.

आणखी एक. आपल्याकडे पुष्कळ चिठ्ठ्यांवर एकाच गोळीत दोन औषधं असतात, एस्सिटालोप्राम आणि त्याच्याबरोबर क्लोनाझेपाम. पहिलं मन सावरणारं, दुसरं घाबरेपणा आणि झोपेसाठी. दुसऱ्याची सवय लागते. ते बहुतेकदा थोडे दिवसच लागतं, पण एकाच गोळीत असल्यामुळं वर्षानुवर्षं पोटात जात राहतं आणि त्याचे पैसेही. डॉक्टरांना सरळ विचारा, "ही दोन औषधं वेगळी लिहून देता येतील का, आणि दुसरं किती दिवस घ्यायचं?" विचारल्यानं डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर डॉक्टर बदला. स्वतःच्या मनानं मात्र दोन्हींतलं काहीही बंद करायचं नाही.

खाजगी डॉक्टरांना औषधाचं खरं नाव लिहायला सांगणं हा आपला हक्क आहे. २०१६ साली डॉक्टरांच्या आचारनियमांत तसा बदल झाला, की जेनेरिक नाव वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावं. किती जण लिहितात ते सगळ्यांना माहीत आहे. पण मागितलं तर बहुतेक लिहून देतात. हेही विचारा की ही गोळी किती महिने चालेल. मेजरना वाटत होतं की आता जन्मभर. जन्मभराचा खर्च डोळ्यांसमोर आला की कुणाचाही हात आखडतो. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर साधारणपणे बरं वाटायला लागल्यावर सहा-नऊ महिने गोळी चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. काहींना जास्त काळ लागते, ते डॉक्टर सांगतील. पण मुदत कळली की बजेट करता येतं.

मधेच बंद करण्याचा हिशोब मला सगळ्यात तोट्याचा वाटतो. ही गोळी क्रोसिनसारखी अर्ध्या तासात काम करत नाही. असर दिसायला दोन ते चार आठवडे जातात, कधी सहा. बंद केली की चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं, असले प्रकार होतात. आणि आजार उलटतो. मग पुन्हा सुरू केली की पुन्हा चार आठवडे वाट बघायची. मेजरनी जूनमध्ये जे काही शे-पाचशे वाचवले ते दिवाळीत डॉक्टरांच्या फीत गेले, शहरात जाण्यायेण्याच्या गाडीत गेले, आणि मधले चार महिने घरात कुणी कुणाशी बोललं नाही ते वेगळंच.

आता सरकारी रस्ता. २०१७ सालचा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं १८वं कलम वाचण्यासारखं आहे. अत्यावश्यक औषधांच्या यादीत असलेली मानसिक आजाराची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी रुग्णालयांत रुग्णाला कायम मोफत मिळायला हवीत, असं त्यात लिहिलंय. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम आणि अमिट्रिप्टिलिन राष्ट्रीय यादीत आहेत. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचेही पैसे घेत नाहीत. कायद्यात लिहिलं म्हणून खिडकीवर मिळतंच असं नाही, हे मला कळतं. संपली, पुढच्या आठवड्यात या, हे ऐकावं लागतं. पण मागणाऱ्यानं हक्कानं मागितलं तर खिडकीवरचा माणूस एकदा आत जाऊन कपाट बघून येतो, एवढा अनुभव आहे.

विमा असेल तर त्याच कायद्यानं मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं आहे. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. रोजच्या गोळीला त्यांचा उपयोग नाही. तो नाद सोडा.

ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून आहे आणि मनाचा आजार त्यात इतर आजारांसारखाच बसतो, हे अजून निम्म्या पेन्शनरांना ठाऊक नाही असं मला गावोगावच्या मेळाव्यांत दिसतं. बायकोला लागत असेल तर तिलाही, ती आश्रित म्हणून कार्डवर आहे. पॉलिक्लिनिकमध्ये औषध शिल्लक नसेल तर चिठ्ठीवर "उपलब्ध नाही" असा शेरा शिक्क्यासकट घ्या, मगच अधिकृत केमिस्टकडे किंवा बाहेर जा, आणि बिल जपून ठेवा. शेऱ्याशिवाय बाहेरून घेतलं तर परतावा अडतो. चिठ्ठीवर खरं नाव असेल तर कुठल्याही कंपनीचं असलेलं औषध देता येतं. ब्रँडचं नाव धरून बसलात तर "नाही" हे उत्तर लवकर मिळतं.

आणि खिडकीवरचा भावकीतला? मेजरना मी सांगितलं, दुसऱ्या पॉलिक्लिनिकमध्ये बदली मागा. राहण्याचा पत्ता, मुलाचं गाव, काही कारण असतं. त्यांनी अजून अर्ज दिलेला नाही. पण हा प्रश्न एकट्या मेजरवर टाकून आपण मोकळं व्हायचं का? खिडकीबाहेर बसलेले आपण चाळीस जण असतो. कुणाच्या हातात कुठली पिशवी आली हे वाकून बघणारे आपणच, आणि संध्याकाळी पारावर "मेजरचं डोकं सटकलंय" सांगणारेही आपणच. बीपीची गोळी, साखरेची गोळी आपण एकमेकांना दाखवतो, कुणाची किती एमजी ह्याची स्पर्धा लावतो. ही एकच गोळी खिशात लपते.

नोकरीत असलेल्या पोरांचं दुखणं ह्याहून अवघड आहे. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये त्याला गोळी फुकट आहे, डॉक्टर फुकट, सगळं फुकट. तरी तो सुट्टीत आला की गावाकडून गुपचूप औषध घेतो आणि सामानात लपवून नेतो. कारण शेप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फौजेत प्रत्येक जवानाची तब्येत पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात, आणि त्यातलं पहिलं अक्षर एस, म्हणजे मन. त्या एसपुढचा एकचा दोन किंवा तीन झाला की प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्यावर परिणाम होतो. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. नायकाचा हवालदार होण्याच्या वर्षात कॅटेगरी पडली तर काय होतं ते मी जवळून बघितलंय.

पण दुसरी बाजूही बघितली आहे. तात्पुरत्या कॅटेगरीचा ठरलेल्या मुदतीनंतर रिव्ह्यू होतो. गोळी नियमित घेऊन, बरा होऊन परत एस-वन झालेले जवान आहेत, मी त्यांच्याबरोबर बडाखान्याला जेवलोय. गुपचूप घेणाऱ्याचं काय होतं? बर्फाच्या पोस्टवर पाकीट संपतं. पुढचं पाकीट दोन हजार किलोमीटर लांब. आणि त्या वेळी त्याच्या हातात भरलेली रायफल असते. माझं मत विचाराल तर कंपनी कमांडर आणि सिनियर जेसीओ ह्यांनी एसच्या कॅटेगरीला पायाच्या फ्रॅक्चरइतकंच साधं वागवलं, तर सरकारला एक रुपया जास्त न घालता अर्ध्या जवानांचा बाहेरच्या औषधाचा खर्च वाचेल. सुभेदारसाहेबांनी फॉल-इनमध्ये "कांके" म्हणून हसायचं आणि मग वेल्फेअरच्या दरबारात "काही त्रास असेल तर सांगा रे" म्हणायचं, हे दोन्ही एका तोंडानं चालत नाही.

घरी राहिलेल्या बायकोचा विचार कुणी करत नाही. नवरा फिल्डमध्ये, पहिलं बाळंतपण, सासरी. रडू येतं, दूध पाजताना हात कापतात. तिलाही मिलिटरी हॉस्पिटल मोफत आहे. पुण्याला आहे, देवळालीला आहे, कामठीला आहे. चंदगड-गडहिंग्लजकडच्यांना बेळगाव जवळ पडतं. पण तान्हं बाळ घेऊन एका दिवसाचा प्रवास, बरोबर एक माणूस, त्याची मजुरी बुडते. तिच्यासाठी ग्रामीण रुग्णालय आणि गावचं जनऔषधी केंद्र हेच खरं स्वस्त. अंगावर पाजते आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण चालणारी औषधं असतात, पण निवड त्यांनी करायची. आणि एकदम जायला जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. जवळचं सरकारी केंद्र कुठं ते तिथून कळतं. फौजी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसीमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये ह्याचाच वेगळा कक्ष सुरू झाला.

पेन्शन न मिळता लवकर घरी आलेल्या बहुतेकांना ईसीएचएस नाही. २०२६च्या शेवटी अग्निवीरांची पहिली तुकडी चार वर्षं करून बाहेर पडते आहे, त्यातल्या ज्यांना पुढे ठेवणार नाहीत त्यांनाही नाही. बावीस-चोवीस वर्षांची पोरं, गणवेश उतरलेला, गावात सगळे विचारणार "आता पुढं काय?" त्यांच्यातल्या ज्याची झोप जाईल त्याच्याकडे ना एमएच असेल, ना कार्ड. त्याच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं आत्ताच जिल्हा रुग्णालयाशी बोलून ठेवावं, असं मी आमच्या कार्यालयात लेखी दिलंय. तुम्हीही आपापल्या जिल्ह्यात द्या. एका पानाचा अर्ज पुरतो.

मानसोपचाराची ओपीडी सगळीकडे रोज नसते, ग्रामीण रुग्णालयात तर पथक ठरलेल्या वारीच येतं. आधी फोन करून वार विचारा. जाताना जुनी चिठ्ठी आणि रिकामं पाकीट बरोबर न्या, बारीक अक्षरातलं नाव दिसेल असं. आणि एक महिन्याचं औषध मागा, म्हणजे दर आठवड्याला बसचं तिकीट काढावं लागत नाही.